दंडाची पट्टी

भांडेवाडीच्या डेपोला मे महिन्यात आग लागते.
ती आपोआप लागते, असं म्हणतात.
धूर आमच्या अंगणवाडीत आधी हजेरी लावतो,
मग पोरं.

दुर्गेश उईके धुराच्या मागून येतो,
बहिणीच्या कडेवर.
वय चार वर्षं दोन महिने.
चड्डी दोन वर्षांच्या पोराची, तीही घसरते.
वजनाला उभा केला की काटा हलतो,
पण मन लावून नाही.
मी रजिस्टरात टिंब देते
मागच्या महिन्याच्या टिंबाशेजारी, जवळजवळ त्याच उंचीवर.
टँकरची वाट पाहत गुंडं लावून ठेवावी
तशी टिंबांची ओळ.

दंडाला पट्टी गुंडाळली की तो बघत राहतो,
खिडकीतून कोणता रंग डोकावतो ते.
म्हणून रंगांमध्ये त्याला आधी लाल आला.
मिरची, सिलेंडर, माझी टिकली:
"बाई, लाल."
बाकीच्या पोरांना कधीकधी हिरवा आधी येतो.

डिसेंबरात थंडी पडली तशी बोटं सुजली.
फुलवंता म्हणाली,
"पोट्टा रातभर रडून राह्यला वो बाई,
हात लावू देत नाही, गोधडीबी टोचते म्हणते."
मेडिकलला रक्त तपासलं.
डॉक्टरनं केसपेपरच्या मागे काढून दाखवली
एक गोल पेशी,
एक विळ्यासारखी.
फुलवंतानं विळा लगेच ओळखला.
रामटेकच्या पलीकडे धान कापलेलं तिनं.
"माझ्या रक्तातून गेला का याच्यात?"
दोघांच्याही, म्हणाले. अर्धा अर्धा.
घरी गेल्यावर नवऱ्याला
त्याचा अर्धा तिनं सांगितला नाही.

सव्वीस दिवसांनी तो परत आला.
जायच्या आधी त्याला सातपर्यंत येत होतं.
मी चिंचोके मांडले.
एक. दोन. तीन. चार.
आणि थांबला,
जसं त्या गल्लीत पुढे कोणी राहतच नाही.
दाराशी बसलेली करिना हळूच म्हणाली, पाच.
तिला वीसपर्यंत येतं.
दुसरीतून उठली ती, याला उचलायला.
तो तिच्याकडे बघून हसला फक्त.
पाच, सहा, सात राहिले असतील
वॉर्डाच्या फरशीवर कुठंतरी,
सलाइनच्या स्टँडखाली.

वजन सातशे ग्रॅमनं घटलं, ते मी लिहिलं.
दंड घटला, तो लिहिला.
तीन आकडे घटले, त्याला रकाना नाही.
'घोडा' म्हणायचा, आता नुसतं बोट दाखवतो,
त्यालाही नाही.
सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, शेऱ्यात लिहा ना.
शेऱ्याची जागा बोटभर.
तरी लिहिलं बारीक अक्षरात:
बालकाचे तीन आकडे परत आणणे आहे.
मॅडमनी खाली हिरव्या शाईत सही केली.
वाचलं असेल का, माहीत नाही.

आता रोज चिंचोके.
रोज एक पिवळी गोळी, पाण्याची बाटली,
"पाणी पी रे, पाणी पी,"
जिथं नळ दिवसाआड येतो तिथं.
कधी पाचपर्यंत जातो. कधी दोनवरच डोकं टेकवतो
माझ्या मांडीवर, आणि अंग गरम असतं.

काल त्यानं माझ्या हातातली पट्टी ओढून घेतली.
करिनाच्या दंडाला लावली. मग दाराच्या कडीला.
मग उंबऱ्याशी झोपलेल्या कुत्रीच्या पायाला.
"लाल. लाल. लाल."
कुत्री जागी झाली नाही.
मग माझा दंड.
पट्टी पुरेना. त्यानं दोन्ही टोकं ओढली,
पुन्हा ओढली, दात लावून पाहिले,
आणि माझ्याकडे वर बघून म्हणाला,
"तुटली."

तुटली नव्हती.
पण हा शब्द मी त्याला शिकवलेला नाही.
रजिस्टर उघडलं. शेरा भरलेला होता.
समासात लिहून ठेवला, तारीख घालून.